इनासच्या शेताला वळसा

"माझ्या बांधावर पाय ठेवशील तर तंगडी मोडून हातात देईन!" हे इनासचं.

"नाही ठेवत जा! माझ्या घरचं कुत्रंसुद्धा ठेवणार नाही. क्रूसाची शप्पथ!" हे पॉलचं.

ज्युलियाच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. ती आत बोंबील साफ करीत बसली होती आणि बाहेर ओटीवर तिचा नवरा पॉल नि मोठा दीर इनास एकमेकांच्या अंगावर धावत होते. कारण काय, तर पॉलच्या म्हशीनं इनासचा बांध फोडला. म्हशीला काय कळतंय, बांध कोणाचा! पण शप्पथ माणसानं घेतली आणि पाळावी लागली म्हशीसकट सगळ्यांना.

कांजूरच्या गावठाणातून शेतापलीकडच्या क्रूसाकडे जायची सरळ वाट नेमकी इनासच्या बांधावरून. क्रूस प्लेगच्या साथीत वाडवडिलांनी उभारलेला. तिथं रोज मेणबत्ती लावायचं काम सासूनं ज्युलियाच्या गळ्यात घातलं. तेव्हापासून ती इनासच्या शेताला वळसा घालून जायची. पावसात चिखल, उन्हाळ्यात ढेकळं. इनासची बायको बांधावरून तुरुतुरु आधी पोचायची आणि वर विचारायची, "आलीस का गं, मुंबई फिरून?"

पुढं दोघा भावांनी एकाच टेबलाशी बसून जमीन बिल्डरला विकली. सही करायला पेन एकच होतं. तेही एकानं टेबलावर ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. हातातून हातात नाही दिलं. मग मागंपुढं दोघंही गेले. सिमेट्रीत शेजारी शेजारी निजलेत. तिथं बांध नाही.

मुलगी किम्बर्ली ऑस्ट्रेलियाला. घरात ज्युलिया आणि एक भिंतीवरचं घड्याळ, तेही मनात येईल तेव्हा चालणारं. दिवसभरात बाहेर पडायचं कारण एकच, क्रूस. जमिनीला पत्रे लागले तेव्हा एका फटीतून तिची ये-जा चाले. मग टॉवर उठू लागले, आणि मधल्या जागेत सगळ्यांसाठी बाग नि चालायचा ट्रॅक होणार, असं कानावर आलं.

बागेचा नकाशा काढणारी मनाली गावठाणात लोकांचं म्हणणं ऐकायला आली. कोणी पार्किंग मागितलं, कोणी क्रिकेटची जागा. शेवटी ज्युलिया काठी टेकत उठली.

"झाडं लावा, झोपाळे लावा, काय करायचं ते करा. माझी क्रूसाची वाट तेवढी ठेवा."

"आजी, क्रूस आहे तिथंच राहील. तुम्ही मेन रोडनं फिरून गेटमधून यायचं."

"मेन रोडनं? पोरी, हे गुडघे तुझे असते ना, तर बोलली नसतीस!"

लोक हसले. ज्युलिया नाही हसली. ती वाट गेली तर तिच्या दिवसाला संध्याकाळच उरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मनाली फक्कीची पिशवी घेऊन दारात हजर. "चला, दाखवा तुमची वाट."

वाट कसली, सगळा राडारोडा आणि कमरेएवढं गवत. पण ज्युलियाच्या पायांना ठाऊक होतं. ती पुढं, आणि मागून मनाली फक्कीची पांढरी रेघ ओढत. क्रूसाशी पोचून ज्युलियानं मागं पाहिलं आणि चौथऱ्यावर बसलीच. रेघ सरळ निघाली होती आणि मध्येच, काही नसताना, विळ्यासारखी वाकून पुन्हा जागेवर आली होती.

"अगं बाई! हे काय करून बसले मी? पुस ते, सरळ काढ."

"का? मध्ये काय होतं तिथं?"

"माणूस होता एक. रागावलेला."

"आता नाहीये ना? मग काढते सरळ. तुमचेही पाय वाचतील."

मनाली बुटानं रेघ पुसायला लागली. ज्युलिया बघत राहिली. दोन भाऊ, एक म्हैस, एवढा आरडाओरडा, आणि सगळं एका बुटाखाली.

"नको," ती म्हणाली. "राहू दे. शप्पथ आहे."

मनालीनं हसून पुसलेली रेघ पुन्हा भरली. ट्रॅक झाला तोही तसाच वाकडा. वळणाच्या पोटात गवत आणि एक जांभूळ.

मे महिन्यात पूर्वी क्रूसापुढं सगळं गाव जमायचं, प्रार्थना व्हायची, मग उकडलेले चणे. आता संतांची नावंही ज्युलियाच घ्यायची आणि "आम्हासाठी विनंती कर" हे उत्तरही तीच द्यायची. चणे मात्र शिजवायचीच. ते वॉचमन गुणाजीला.

"आजी, ह्या लोकांका काय सांगूचा?" गुणाजी चणे खात कुरकुरला. "बरो रस्तो सोडून गवतातसून जातत. दोरी बांधूक व्हयी."

"जाऊ दे रे. त्यांनी थोडीच शप्पथ घेतलीय?"

"कसली शप्पथ?"

ज्युलिया सांगायला वळली, तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला आणि गुणाजी पळाला.

ती तिची शेवटची फेरी होती; दुसऱ्या सकाळी तिचं दार उघडलं नाही. पण त्या संध्याकाळी हे कोणाला ठाऊक? तिलाही नव्हतं. मेणबत्ती काचेआड नीट लागली की नाही ते तिनं वाकून पाहिलं, कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूसाची खूण केली आणि परत निघाली. वळणाशी कानात वायरी घातलेलं एक जोडपं तिला ओलांडून गवतातून सरळ गेलं. गुडघे ठणकत होते. बघणारं कोणी नव्हतं.

"काय भावोजी, बरं आहे ना?" जांभळाकडे बघून तिनं विचारलं, आणि वळसा घालून गेली.