चुलते वारले, असं मी सांगितलं

आप्पा गुरुवारी सकाळी गेले. शूटिंगला माझा कॉल नऊचा होता. मी प्रॉडक्शन मॅनेजरना फोन केला आणि चुलते वारले असं सांगितलं. त्यांनी एका दिवसाची सुट्टी दिली.

आप्पा माझे वडील.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या भावालाही नाही. थांबत थांबत लिहिते आहे, कारण भराभर लिहिलं तर मी स्वतःला सोडवून घेईन. ती सवय मला आहे.

चौदा वर्षं मी एकाच मालिकेत काम करते. इनामदारांची थोरली सून. तुम्ही कदाचित पाहिली असेल. ही सून दिवाणखान्यातल्या सासऱ्यांच्या फोटोला हार घालते आणि घरात कुणाला न सांगता येणारं सगळं त्या फोटोला सांगते. त्या प्रसंगांनीच मला नाव दिलं. बायका रस्त्यात थांबवून म्हणतात, ताई, काल तुम्ही रडवलंत.

तो फोटो आप्पांचा आहे. आणि तो भिंतीवर गेला तेव्हा आप्पा निपाणीत होते — जिवंत, ठणठणीत, सकाळी दोन वर्तमानपत्रं वाचणारे.

आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल होते. वखारीतल्या बायकांना मालक अद्वातद्वा बोलला, तेव्हा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलेला हा माणूस. मला त्यांनी बेळगावला ठेवून एम. ए. केलं. मग नाटकं, मग ही मालिका. कोल्हापूरजवळच्या बंगल्यात शूटिंगचा पहिला दिवस होता. चहाच्या वेळी जो तो आपल्या घरचं सांगत होता. कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचे मामलेदार. मला विचारलं. मी म्हणाले, वडील नाहीत.

का म्हणाले? हमाल म्हटलं असतं तर कुणी मला हाकललं असतं का? नाही. तेवढंही कारण माझ्याकडे नव्हतं.

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, म्हणून मालिकेतल्या भिंतीवर बहुधा युनिटमधल्याच कुणाचा तरी गेलेला माणूस असतो. आठवड्याभरात सेट सजवणारा आर्टवाला माझ्याकडे आला. ताई, तुमचे वडील नाहीत ना? एखादा चांगला फोटो असेल तर द्या. नाही म्हटलं असतं तर — तर काय झालं असतं? दोन प्रश्न विचारले गेले असते. त्या दोन प्रश्नांना मी भ्याले.

आप्पांचा एकच चांगला फोटो होता. बुद्धपौर्णिमेला विहारात काढलेला, पांढऱ्या शर्टातला, मागे पंचशील ध्वज. मी कात्रीनं तो ध्वज कापून टाकला. तसं करायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. आर्टवाल्यानं फोटो मोठा करून आणला तेव्हा आप्पांच्या कपाळावर रंगानं गंध ओढलेलं होतं. दिग्दर्शक म्हणाले, चेहरा अगदी घरंदाज आहे. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते — मला बरं वाटलं.

पहिला भाग लागला त्या रविवारी मी घरी गेले. आप्पा हसत होते.

"मी कवा मेलो गं?"

मी सांगितलं, प्रॉडक्शनच्या लोकांनी माझ्या फाइलमधून फोटो घेतला, मला विचारलंसुद्धा नाही. त्यांनी विश्वास ठेवला. काढायला सांग म्हणाले. मी सांगते म्हणाले. पुढच्या खेपेला विचारलं, सांगितलंस न्हवं? मी म्हणाले, सांगितलंय आप्पा, बघतो म्हणालेत. असे किती रविवार? मी कुणालाही, काहीही सांगितलेलं नव्हतं. गल्लीत मात्र त्यांचं नाव इनामदार पडलं. पानपट्टीवर लोक विचारायचे, काय इनामदार, आज सुनंनं हार घातला न्हाय व्हय? आधी तेही उलट टोला द्यायचे. नंतर त्यांनी पानपट्टीवर जाणं सोडलं.

इथवर लिहिलं ते सोपं होतं. खरं पुढे आहे.

आठव्या वर्षी ते एसटीनं कोल्हापूरला आले आणि रिक्षा करून थेट बंगल्यावर. माझ्याच्यानं होत नाही असं समजून स्वतःच फोटो काढायला सांगणार होते. मी मेकअपमध्ये होते. खाली गेले तर आप्पा दिवाणखान्यात, स्वतःच्या फोटोखाली उभे. दिग्दर्शक एकदा त्यांच्याकडे, एकदा भिंतीकडे बघत होते. सगळं युनिट बघत होतं.

मी म्हणाले, हे माझे चुलते.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग हात जोडले. जन्मभर कुणीही भेटलं की जयभीम म्हणणारे आप्पा तिथं नमस्कार म्हणाले.

"व्हय. मी थोरला भाऊ त्येचा."

दिग्दर्शकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. आपुलकीनं विचारलं, भाऊ कशानं गेले?

"तिला इचारा. जवळ तीच हुती."

मी हृदयविकार म्हणाले. सगळ्यांसमोर, त्यांच्यासमोर. त्यांनी चहा संपवला, कप स्वतः आत नेऊन ठेवला आणि गेले. फोटोविषयी एक शब्द बोलले नाहीत.

मला त्यांचाही राग येतो. मला सांभाळून घ्यायची काय गरज होती? तिथंच ओरडून सांगायचं होतं, हा मी, आणि ही माझी पोरगी. पण हा राग म्हणजे पुन्हा माझीच पळवाट. ओरडायचं मी होतं.

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. मी दर महिन्याला जात होते, जेवत होते, त्यांच्या शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होते. फाइलची गोष्ट खोटी होती, फोटो मीच दिला, ध्वज मीच कापला — हे एकदाही सांगितलं नाही. त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, खुर्चीवर बसले तेव्हाच कळलं होतं. म्हणून काही माझं सांगणं टळत नव्हतं.

गुरुवारी दुपारी त्यांना अग्नी दिला. सुट्टी चुलत्यांची होती, म्हणून संध्याकाळीच निघाले. भावाला सांगितलं, शूटिंग थांबवता येत नाही. तो म्हणाला, बापापेक्षा मोठं हाय व्हय? मी गाडीत बसले. शुक्रवारी नऊला माझा प्रसंग होता, हार घालायचा. पहिल्याच टेकला झाला. दिग्दर्शक म्हणाले, आज फार खरं वाटलं. मी थँक्यू म्हणाले.

आप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी नव्हते. भाऊ माझा फोन उचलत नाही. मालिका चालू आहे. मी तिच्यात काम करते.