दाखला किती दिवसांचा?

सुई टोचणाऱ्यांच्या सोबत राहिलं की गोष्टी आपोआप साठत जातात. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. समोरचा माणूस बाही वर करतो, डोळे गच्च मिटतो आणि सुई टोचेपर्यंत जे काही बोलतो, ते त्यानं घरी बायकोपाशीसुद्धा कधी काढलेलं नसतं! दिवसाला साठ माणसं टोचली तर साठ गोष्टी. मी सगळ्या ठेवल्या नाहीत. ज्या मनातून गेल्या नाहीत तेवढ्याच सांगतो.

लढाईची वर्षं होती. शहापूरहून बदली होऊन मी मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात कंपौंडर म्हणून आलो. तिथं आम्ही तिघं. एक डॉक्टरसाहेब, फार कमी बोलणारे. दुसरे टिपणीस, टोचणारे. उंच, किंचित वाकलेले, खाकी कोट, आणि तोंडात एकच वाक्य, “मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस्स!” तिसरा मी. सुया उकळायच्या, दाखले लिहायचे आणि रांग धरून ठेवायची, हे माझं काम.

पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ उठायची ती नेमकी जत्रेच्या नाहीतर शिमग्याच्या तोंडावर. लोकांनी गाठोडी बांधलेली असायची आणि ठाण्याहून ऑर्डर यायची. आधी ऑर्डर होती, टोचून घ्या, दाखला घ्या आणि निघा. मग आली, टोचल्यावर सहा दिवस थांबा. मग दहा दिवस. एक ऑर्डर वाचून होईस्तोवर दुसरी वाटेत असायची. लोक आम्हाला विचारायचे, “सायेब, आज कोनता कायदा हाय?”

* * *

पहिलीच गोष्ट मोटारीची. म्हशाच्या जत्रेला निघालेली सर्व्हिस मोटार, कोळशाच्या गॅसवर चालणारी. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या शिडीला माणसं. ऑर्डर त्याच सकाळी आलेली, दाखल्याशिवाय कुणाला जत्रेला सोडायचं नाही. टिपणीस आणि मी पेटी घेऊन अड्ड्यावर गेलो.

टिपणीसांनी मोटारीच्या दारात उभं राहून ऑर्डर वाचली. “कुणीही घाबरू नये” इथपर्यंत ते आले आणि पलीकडच्या बाजूनं धपाधप उड्या पडायला लागल्या. बाया, बाप्ये, म्हातारे, सगळे शेतातून पळत सुटले. पेंढ्याच्या उडव्यांमागे जाऊन बसले. पुऱ्या मोटारीत एक कोंबडी राहिली, तीही पाय बांधलेली होती म्हणून!

टिपणीस चिडले. “ड्रायव्हर, हॉर्न वाजव! बोलव सगळ्यांना!”

हॉर्न काही वाजेना. पुढे जाऊन बघतो तर सीट रिकामी.

सगळ्यात लांबच्या उडवीमागून ड्रायव्हरचा आवाज आला, “सायेब, आधी त्यांना टोचा! मोटार मी उद्या नेतो!”

* * *

सिद्धगडाखालच्या एका वाडीतून नवरा-बायको आले. भावाकडे जत्रेचं जेवण होतं, जायला हवंच होतं. बाई रांगेत उभी राहिली, नवरा चिंचेमागे. फक्त मुंडासं दिसत होतं.

बाईचा नंबर आला. तिनं दंड पुढे केला. “दोन टोच. एक माझी, एक त्याची.”

“असं चालत नाही बाई. ज्याची त्यालाच.”

“का नाय चालत? त्याच्या वाटचं सगळं मीच करते.”

टिपणीसांनी समजावलं, मी समजावलं. शेवटी तिनं आपली एक टोचून घेतली, तशीच चिंचेकडे गेली आणि नवऱ्याच्या मनगटाला धरून त्याला ओढत आणलं. तो पांढराफटक. कसाबसा म्हणाला, “लय दुखलं काय गो?”

बाई म्हणाली, “तुझ्याशी लगीन लागलं तवा यापरीस जास्त दुखलं. बस खाली!”

बसला बिचारा.

* * *

सुरुवातीला दाखल्यावर नुसतं नाव असायचं. वय नाही, खूण नाही. त्यामुळे एकाच दाखल्यावर अख्खं घर जायचं. एकदा तपासताना एक भरघोस मिशीवाला गडी समोर आला. दाखला बघितला तर नाव सखूबाई!

टिपणीसांनी कागदाकडे बघितलं, मिशीकडे बघितलं. “तू सखूबाई?”

त्याचा मुलगा बैलजोडी घेऊन पुढं गेलेला, आणि जत्रेत दोन माणसं पटकीनं पडली अशी खबर आलेली. बाप त्याला परत आणायला निघाला होता. सुईला थांबायचा त्याला धीर नव्हता.

“आज हाय सायेब,” तो म्हणाला. “उद्या नसंन. सोडा.”

टिपणीसांनी त्याला तिथंच उभ्याउभ्या टोचलं आणि सोडलं. पुढच्या महिन्यापासून दाखल्यावर खूण लिहायची ऑर्डर आली.

* * *

दिवाळीला टिपणीसांना रजा हवी होती. बहिणीकडे पेणला जायचं होतं, भाऊबीजेला. डॉक्टरसाहेबांनी अर्ज वाचला आणि फक्त एवढंच विचारलं, “तुमचा दाखला?”

तालुक्याबाहेर जाणाऱ्या नोकरमाणसालाही दाखला लागेल, अशी नवी ऑर्डर आली होती. तासाभरानं मला कळलं, पंधरा वर्षं हा माणूस लोकांना टोचत होता, पण त्याला कुणी टोचलं नव्हतं! टिपणीस दर वर्षी काही ना काही कारण काढून निसटले होते.

तीन दिवस ते मला चुकवत होते. चौथ्या दिवशी डॉक्टरसाहेब स्वतः दारात उभे राहिले तेव्हा कोट काढून स्टुलावर बसले. मी सुई घेतली. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब.

“हळू रे... अरे हळू! आई गं! केवढं दुखतं हे!”

मी म्हटलं, “मुंगी चावल्यासारखं वाटायला हवं.”

“कुठल्या गाढवानं सांगितलं?”

डॉक्टरसाहेबांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

* * *

मग एक बातमी पसरली. कुठून आली कोण जाणे! सरकार दंडावर खूण करतंय आणि ज्याच्या दंडावर खूण, त्याला धरून लढाईवर पाठवणार. गुरांना डाग देतात, तसंच.

आम्ही एका गावात पोचलो तर गाव रिकामं. चुली गरम, भाकरी तव्यावर करपलेली, आणि माणूस एक नाही. टिपणीस दारोदार हाका मारत होते. त्यांचाच आवाज परत येत होता.

शेवटच्या घराच्या ओटीवर एक म्हातारी बसलेली. तिला पळता येत नव्हतं म्हणून मागं राहिली असेल, असं आम्हाला वाटलं. तिनं आम्हाला पाणी दिलं. मग म्हणाली, “पोरं रानात गेली. सापडायची नाय तुमाला. माझा नातू जवान हाय. त्याचं नाव तुमच्या कागदात असंल तं खोडा, न् माझं लिवा.”

“आजी, लढाईवर न्यायला नाही आलो. पटकीची सुई आहे ही.”

“असूं दे. मला टोच न् न्या.”

तिनं हात पुढे केला. हाताला नुसती कातडी होती. टिपणीसांनी जपून सुई टोचली.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. पाच-सात माणसं रानातून उतरून लांब उभी होती. सरकारनं म्हातारीला नेलं का, हे बघायला आलेली. म्हातारी ओटीवरच. शेजारी गाठोडं, पायात वहाणा. आम्हाला बघून ओरडली, “सकाळपासून तयार बसलीय! कवा न्यायचंय ते सांगा, नायतं मी चूल पेटवते!”

त्या दिवशी सगळं गाव रांगेत बसलं.

* * *

ही गोष्ट मात्र मी फारशी सांगत नाही.

सापगावचे दोन भाऊ बैलजोडी घेऊन जत्रेला निघाले होते. त्या वेळी दहा दिवसांची ऑर्डर होती. थोरल्याला टोचून अकरा दिवस झालेले, धाकट्याला सातच. टिपणीसांनी थोरल्याला सोडलं, धाकट्याला परत पाठवलं. धाकट्यानं पाय धरले. “बैल दोघांशिवाय आवरत नायत ओ!” पण ऑर्डर म्हणजे ऑर्डर. तो शिव्या देत मागं फिरला. टिपणीस त्याला ओरडून म्हणाले, “भावाची काळजी करू नकोस! त्याला काही होणार नाही!”

आठ दिवसांनी धाकटा दवाखान्यात आला. मुंडण केलेलं. त्यानं खिशातून थोरल्याचा दाखला काढला आणि टेबलावर ठेवला.

“हा होता त्याच्याकडं,” म्हणाला.

डॉक्टरसाहेब उठून त्याच्याजवळ गेले. सुईनं धोका कमी होतो, नाहीसा होत नाही, असं त्याला हळूहळू सांगत राहिले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग टिपणीसांकडे वळून विचारलं, “मंग तुमी तवा असं का नाय बोल्लात?”

टिपणीस पुढे पुष्कळ वर्षं टोचत होते. पण “काही होणार नाही” हे शब्द त्यांच्या तोंडून परत मी ऐकले नाहीत.

* * *

आता शेवटची. ही माझीच.

शिमग्याचे दिवस. डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे, तिच्या विहिरीत लाल औषध टाकायला मला धाडलं होतं. पलीकडच्या गावात पटकीनं माणसं गेली होती, म्हणून वाडीनं वाट बंद केलेली. वाटेवर करवंदीच्या काट्यांचा ढीग, मागं काठ्या घेतलेली माणसं. बाहेरून येणाऱ्याकडे दहा दिवसांचा दाखला नसेल तर त्यानं सहा दिवस आंब्याखालच्या झापात, म्हणजे गवताच्या खोपट्यात, राहायचं. जत्रेची ही दहा दिवसांची अट गावी येणाऱ्यांनाही लावणारी ऑर्डर येऊन चारच दिवस झाले होते. झापात आधी एका माणसाला ठेवलं होतं, तो तिथंच गेला होता.

वाडीचे पाटील धर्मा पाटील. साठीचे, शांत. सरकारी कागद आला की तलाठ्याकडून नाहीतर माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि खाली अंगठा उठवायचे.

भर दुपारी मुंबईहून बाळाराम आला. गिरणीत कामाला होता. बरोबर बायको यमुना, तिला सातवा महिना. शिमगा करून तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी ठेवायची होती. अड्ड्यापासून दोघं उन्हातून चालत आलेली. तिच्या पायांवर सूज होती. काट्यांच्या आतल्या बाजूला तिची आई उभी. चार हातांवर लेक, आणि पुढे येता येत नाही.

“दाखला हाय!” बाळारामनं दोन कागद वर धरले. “दोघांचा हाय!”

पाटलांनी काठीनं कागद ओढून घेतले. थोडा वेळ हातात धरले आणि माझ्याकडे दिले. “कंपौंडर, वाचा. किती दिस झाले?”

मी कागद बघितला. परवाची तारीख! बिचारा ‘टोचून घ्या आणि निघा’ या जुन्याच ऑर्डरीच्या हिशेबानं टोचून घेऊन निघाला होता.

सगळी वाडी माझ्या तोंडाकडे बघत होती. यमुना झापाकडे बघत होती. आत मेलेल्याचं घोंगडं अजून तसंच पडलेलं. तिला ते दिसत होतं.

“अकरा,” मी म्हटलं. “दोघांनाही अकरा दिवस झाले.”

पाटलांनी कागद परत घेतले, घडी केली, बाळारामला दिले. “काटे काढा रे.”

त्या दिवसापासून मला जेवण जाईना. डॉक्टरसाहेबांना सांगितलं नाही, टिपणीसांना सांगितलं नाही. त्या वाडीत चाळीस उंबरे. चाळीस घरांतली पोरंबाळं मी एका शब्दावर लावली होती! रोज सकाळी दवाखाना उघडला की आधी रस्त्याकडे बघायचो. डोंगराकडून कुणी येताना दिसलं की हातातली बाटली खाली ठेवायचो, पडेल म्हणून. सापगावच्या त्या धाकट्याचं मुंडण केलेलं डोकं डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी धर्मा पाटील आले. बाकावर बसले. रांगेतल्या सगळ्यांना त्यांनी पुढे जाऊ दिलं. खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी हातातली बाटली खाली ठेवली.

“कोण... कोण आजारी आहे?”

“कोन नाय,” पाटील म्हणाले. “समदी बरी हायत. यमुनेच्या पायाची सूज बी उतरली.”

मी बाटली उचलून फळीवर ठेवली.

“त्या दिशी तुमी अकरा बोल्लात.”

“हो.”

“कागदावर परवाची तारीख व्हती.”

मी विचारलं, “कुणी वाचून दाखवली तुम्हाला?”

पाटील उठले. पागोटं नीट केलं, काठी घेतली.

“कोनी नाय. मला वाचाया येतं.”