गोदाची सुप्रिया केली, त्याची गोष्ट

"भूकंपातनं वाचल्याली लेक तुमी पेपरात मारली व्हय?"

सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसच्या दारात तिघी बाया उभ्या. किल्लारीकडून जीपनं आलेल्या. पुढची बाई एवढी तापलेली होती की माझ्या डोक्यावरचा पंखा जागीच थांबला. लातूरची लाइट गेली होती हेही खरं, पण पंख्याचं श्रेय मी बाईलाच देतो.

"कोण मेलं, मावशी?"

"गोदा!"

गोदा म्हणजे माझी हिरोईन. लातूरच्या एका दैनिकात मी रविवारची कादंबरी लिहायचो. क्रमशः. म्हणजे दर रविवारी अर्धं पान गोष्ट, आणि शेवट असा की वाचक पुढच्या रविवारपर्यंत तडफडला पाहिजे. कुणी दुधाचा रतीब घालतं, मी उत्कंठेचा घालायचो. मुखेडच्या बाजारात माझा हप्ता वाचून होईपर्यंत बकऱ्यासुद्धा ओरडत नाहीत, असं तिथला एजंट सांगायचा. त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही. घातलंच असेल तर एखादी बकरी.

तर ही गोदा. भूकंपात तिचं घर गेलं, माहेरचं एकूण एक माणूस गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये ती वाढली, आणि शेजाऱ्यांनी मिळून तिला नांदेडच्या एका घरात दिली. इथवर सगळा मराठवाडा माझ्याबरोबर रडत होता.

"मावशी, गोदा मेली नाही," मी म्हणालो. "नांदेडला सुखानं नांदून राहिली."

"मग तिचा नवरा त्या सुप्रियाला घिऊन बसलाय, ती कोण?"

"तीच गोदा!"

बाईनं मागच्या दोघींकडं पाहिलं. "बघा गं. पिऊन लिवतंय."

आता हे नीट सांगायला हवं. आपल्याकडं लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, पण पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. संपलं. माझ्या कादंबरीतली सासू म्हणते, "गोदा कशाला? नांदेडात एक हायच की वाहत!" आणि सुनेचं नाव सुप्रिया ठेवते. हा प्रसंग लिहून मी इतका खूश झालो होतो की स्वतःलाच पेढा भरवला होता. लग्नाच्या हप्त्याचा शेवट मी त्याच प्रसंगावर केला होता.

मी कालचा नव्हे, त्याआधीच्या रविवारचा, लग्नाच्या हप्त्याचा अंक काढला. हप्ता अक्षता पडताच संपलेला. तांदळाचं ताट गायब. त्या जागी एका कोचिंग क्लासची जाहिरात, आणि तीत गुणवंतांची मुंडकी, भाजीवाल्यानं कोबी मांडावेत तशी. आणि कालच्या हप्त्यात एकदम सुप्रियाच नांदत होती.

त्या दिवसांत लातुरात क्लासचं पीक एवढं जोमात होतं की बोर्ड लावायला भिंत उरली नव्हती. फिजिक्सचा बोर्ड केमिस्ट्रीच्या बोर्डावर, केमिस्ट्रीचा एका न्हाव्याच्या छपरावर. तो न्हावी दाढी करता करता गिऱ्हाइकाला संयुगं समजावून सांगायचा.

मी आत हमीदभाईकडं गेलो. हमीदभाई आमच्या पेपरची पानं लावणारे. आयुष्य छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेलं, आता कॉम्प्युटरवर बसत होते.

"हमीदभाई, माझ्या शेवटच्या ओळी कुठं गेल्या?"

"काटे ना हम. अॅड आयी थी."

"अहो, तिथं हिरोईनचं नाव बदललं होतं!"

"लेखकसाब," हमीदभाई शांतपणे म्हणाले, "हम पढ के नहीं काटते. नाप के काटते."

चूक त्यांची नव्हती. पेपरात जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात. बातमीत महत्त्वाचं वर असतं आणि फुटकळ खाली, त्यामुळं खालून कापलेलं चालतं. क्रमशः कादंबरीचं उलटं. तिचा सगळा जीव शेपटीत. मी ती शेपटी रुळावर ठेवून निघून गेलो होतो.

तोवर मालक बाहेर आले. आमचे मालकच संपादक. त्यांना सगळे नानासाहेब म्हणत.

"लेखकराव, मुखेडहून एजंटाचा फोन हाय. लोक अंक घ्यायला तयार न्हाईत. बायका म्हणतेत, हिरोनं गोदाला गायब करून दुसरी आणली, असला पेपर घरात नको."

"एक हप्ता द्या. निस्तरतो."

"एकच. न्हाईतर क्लासवाले सगळंच अर्धं पान मागून राहिलेत. हवं तर खालच्या कोपऱ्यात खुलासा छापू. सुप्रिया म्हणजेच गोदा, वाचकांनी नोंद घ्यावी."

"नानासाहेब, ही काय टेंडर नोटीस हाय?"

"मग नाव पुन्हा गोदा करा."

"सासू करू देणार नाही."

"सासू तुम्हीच लिहिलीय न्हवं?"

"म्हणून तर तिची भीती वाटते!"

नानासाहेब आत गेले. मी घाम पुसला. अर्धं पान गेलं असतं तर मला न्हाव्याकडून केमिस्ट्री शिकून क्लासच काढावा लागला असता.

अडचण नुसत्या कापलेल्या ओळींची नव्हती. कादंबरीत नाव म्हणजे खुंटी असते. वाचक पात्राचा राग, लोभ, आठवण सगळं तिच्यावर टांगतो. खुंटी हलवली की सगळं खाली पडतं. त्यात माझा निवेदक, म्हणजे गोष्ट सांगणारा आवाज, वरातीबरोबर गेला आणि सासरच्या पार्टीत सामील झाला. लग्नापर्यंत तो 'गोदा म्हणाली' असं सांगत होता, लग्नानंतर लगेच 'सुप्रिया म्हणाली' सांगू लागला. पण करायचं काय, हे सुचत नव्हतं.

बाया अजून बसूनच होत्या. मी चहा मागवला. पुढच्या बाईला विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?"

"कंचं सांगू? माहेरचं का सासरचं?"

"लोक हाक मारतात ते."

"सासरी कमल म्हणतेत." बाईनं चहा बशीत ओतला. "माहेरचं शेवंता. आता त्ये नाव घेणारं कोण ऱ्हायलंय? घेणारी समदी एका रातीत गेली. पर बाजारात मागनं कुणी शेवंता म्हणलं की आजून वळती मी. दुसऱ्याच कुण्या शेवंताला हाक मारल्याली आस्ती."

तिनं बशी तोंडाला लावली. मला प्रत्येक गोष्टीत चमचाभर भर घालायची सवय आहे. तिथं घालायला काही नव्हतं.

"गोदा जिती हाय," मी म्हणालो. "येत्या रविवारी बघा."

हप्ता लिहायला घेतला. सासू हाक मारते, "सुप्रिया!" गोदा भाकरी थापतेच आहे. नवरा हाक मारतो. गोदा वळत नाही. घरात ठरतं, सून बहिरी गळ्यात पडली. सासू तिला कानाच्या डॉक्टरकडं नेते. डॉक्टर गोदाला हळूच नाव विचारतो, मग मागं जाऊन उभा राहतो आणि कुजबुजतो, "गोदा." गोदा गर्रकन वळते, "जी!" डॉक्टर सासूला म्हणतो, "कान शाबूत हाय, आई. तुम्ही हाक दुसरीलाच मारून राहिलाव."

पहिल्या ओळीतच लिहिलं: 'गोदाला सासरी सुप्रिया म्हणत.' सगळ्यात वर. कुणाची माय व्याली होती वरून कापायला! आणि एक नियम केला. सासूनं, नवऱ्यानं सुप्रिया म्हणावं. निवेदकानं मात्र शेवटपर्यंत गोदाच म्हणायचं. तिला माहेरच्या नावानं हाक मारणारं गोष्टीत दुसरं कुणी जिवंत नव्हतं.

रविवार पार पडला. मुखेडच्या बकऱ्या पुन्हा गप्प झाल्या. हिमायतनगरात म्हणे नवऱ्यांनी बायकांना त्यांची माहेरची नावं विचारली आणि निम्म्यांना ती प्रथमच कळली. नांदेडच्या एका कानाच्या डॉक्टरांनी निरोप धाडला, की रोज एक सासू सून घेऊन येते आणि कुजबुजायला सांगते, हे थांबवा. नानासाहेबांनी क्लासवाल्यांची मुंडकी शेवटच्या पानावर हलवली आणि कल्पना आपलीच होती असं सगळ्यांना सांगितलं.

हमीदभाई मात्र माझा हप्ता आधी वाचून मग मापायला लागले.

पुढं बाजाराच्या दिवशी ती बाई आमच्या ऑफिसवरून चालली होती. डोक्यावर गाठोडं, नजर खाली. मी हाक मारणार तोच, त्या दिवशी आतून तिचं सगळं बोलणं ऐकलेले हमीदभाई खिडकीतून ओरडले, "शेवंताआपा!"

बाई एका हाकेत वळली. मग सवयीनं इकडं तिकडं पाहू लागली, दुसरी शेवंता कोण म्हणून.

"तुमकोच बुलाया," हमीदभाई म्हणाले. "चाय पिओ."

धंद्यातला धडा एवढाच. पात्राचं नाव बदलायचं तर पहिल्या ओळीत बदला, कारण खालून कापतात. आणि जुन्या नावानं हाक मारणारं एक माणूस गोष्टीत शिल्लक ठेवा. नसलंच, तर ती हाक आपण मारायची.