हेल्मेटवरचा नंबर

फोन हातात आला की काका आधी तो पालथा करायचे. मग देणाऱ्याचं हेल्मेट बघायचे, त्यावरच्या नंबराच्या खणात फोन ठेवायचे आणि ॲल्युमिनियमचा बिल्ला पुढे सरकवायचे. पडदा उजळलेला असो, त्यावर कोणाच्या लेकीचा फोटो असो, नुकताच कोणाचा निरोप आलेला असो, काकांची नजर तिकडे जायची नाही. मी एकदा विचारलं, "काका, पालथा का ठेवता?"

"दुसऱ्याच्या घरात डोकावते का कोनी?" ते म्हणाले.

भिलाईहून जामुलकडे जाताना रस्त्याला लागून ओतकामाचा एक कारखाना आहे. असे पुष्कळ आहेत, तुम्हीही बसमधून पाहिले असतील. पत्र्याची शेड, धूर, गेटवर सुरक्षेची भलीमोठी पाटी आणि आत फाटके हातमोजे. वितळलेल्या लोखंडापाशी फोन नको म्हणून आत बंदी. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो नियम बरोबर आहे. गेटच्या भिंतीत एक खिडकी होती, खिडकीमागे लाकडी खणांचं कपाट, आणि कपाटापुढे स्टुलावर काका. तेही ठेक्यावरच. तरुणपणापासून त्यांनी भट्ट्यांच्या आतून आग झेलणाऱ्या विटा बसवल्या होत्या. गुडघे गेले तेव्हा खिडकीत आले.

मी त्या कारखान्यात कामाला नव्हते. सेक्टर दोनमध्ये वाढलेली, वडील स्टील प्लांटमध्ये, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. ठेका कामगारांसाठी पत्रकं लिहायचे आणि पाळी सुटताना गेटबाहेर वाटायचे. काका भंडाऱ्याकडचे. माझ्या तोंडून मराठी ऐकली त्या दिवसापासून मी त्यांची 'पोरी' झाले. पत्रकाला मात्र सूट नव्हती. चष्मा पुसून, ओळीखाली बोट फिरवत ते शेवटपर्यंत वाचायचे.

त्या बोटांबद्दल सांगायला हवं. विटांच्या मसाल्याने त्यांच्या बोटांवरच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या. टोकं गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखी. रेशनच्या दुकानातलं मशीन त्यांना ओळखायचं नाही. "चार बार अंगठा लावला, चार बार नाही म्हने," ते सांगायचे. "लग्नाच्या टायमाले बी इतके नकार नव्हते भेटले." खिडकीपुढची रांग हसायची आणि मी चिडायचे. ज्या कामात माणसाच्या रेषा गेल्या, ते काम करून आलेल्याकडे पुन्हा रेषाच मागायच्या, हा कुठला न्याय? काका म्हणायचे, "चिडून घे. मंग चहा पी."

एकदा मी फोन कसा जपावा यावर पत्रक काढलं. ठळक अक्षरात छापलं: नंबर कोणीही चोरून बघतो, बोटाचं कुलूप सगळ्यात पक्कं. दुसऱ्या दिवशी काकांनी पत्रक परत दिलं. त्या ओळीखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता, "कोनापासून?"

"म्हणजे काय, काका?"

"रस्त्यावरचा चोर असन तं बोट बेस. त्याच्यापाशी तुहं बोट नाही. पन ज्याच्या हाताखाली मानूस काम करते, त्याच्यासमोर फोन बी हाय अन् बोट बी. हात धरला, टेकवला, उघडला. बोट अंगावर असते, पोरी. अंगाले धरता येते."

"आणि नंबर?"

"तो डोक्यात. तिथं हात घालाले अजून कोनाले जमलं नाही."

मी सोडणारी नव्हते. नंबर दमदाटी करून काढून घेता येतो, असं म्हणाले. ते म्हणाले, "येते ना. पन तवा मानसाले 'नाही' म्हनाची जागा तरी राहते. बोटाले तेवढी बी नाही." हे वाक्य पुढच्या पत्रकात मी माझं म्हणून छापलं. आज कबूल करते.

त्या उन्हाळ्यात मुद्दा हातमोज्यांचा होता. ठेकेदार कापडी हातमोजे द्यायचा. गरम साच्याला लागले की ते जळून कातडीला चिकटायचे. एकतीस जणांनी चामड्याच्या हातमोज्यांसाठी श्रम कार्यालयात अर्ज द्यायचं ठरवलं, सोमवारी. तोवर नावं बाहेर जाता कामा नये होती. इथे गेटपास दर महिन्याला नवा करून घ्यावा लागतो, आणि नाव आधी कळलं की तो नवा होत नाही. अर्जावर शिक्का पडल्यावर काढलं तर ठेकेदाराला कार्यालयात कारण द्यावं लागतं. म्हणून सोमवारपर्यंत गुपचूप. सगळं बोलणं फोनवरच्या एका ग्रुपमध्ये, आणि तो ग्रुप बनवला मी. एक फोन उघडला की एकतीस नावं. हे ग्रुप बनवताना माझ्या डोक्यात आलं नाही, काकांच्या आलं. शिवाय ते सगळे फोन पाळीभर त्यांच्याच कपाटात.

"तुह्या एकतीसच्या एकतीस लोकाइचे नंबर मले मालूम हायेत," ते म्हणाले.

"कसे? तुम्ही तर पडद्याकडे बघत नाही."

"पडदा कायले पाहाचा? सारे टोपीवर लिहून फिरून राहिले."

थट्टा वाटेल, पण खरं होतं. इथल्या माणसाला हेल्मेटवरचा चार आकडी नंबर नावाआधी लागतो. हजेरी त्यावर, गेटपास त्यावर, जेवणाचा डबा आणि सायकलचं मडगार्ड यांच्यावरही तोच रंगवलेला. फोनने चार आकडे मागितले की बोटं आपोआप तेच दाबतात. बोटाचं कुलूप लावलेल्यांनीही मागे आधाराला हाच नंबर ठेवला होता. डोक्यावर लाल रंगात मिरवायचं आणि खिशात तेच गुपित म्हणून ठेवायचं.

मग काकांनी खिडकीत मोहीम सुरू केली. फोन परत घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला अडवायचे. "टोपी बदल, नाही तं नंबर बदल." जन्माचं साल नको, गाडीचा नंबर नको, बायकोला ओळखता येईल असा नको. "फिर याद कैसे रहेगा, चाचा?" कोणी विचारायचं. "जिस साल की बात बताने में शरम आती है, वो साल डाल," चाचांचं उत्तर तयार. विचारणारा विचारात पडला की, "किती सालं झाली बे तुही? एकात भागत नाही?" हा टोला मराठीत, फक्त मला कळावा म्हणून. माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्याने जे झालं नसतं, ते त्या खिडकीत दहा दिवसांत झालं. एक सोडून सगळ्यांनी नंबर बदलला.

ती एक म्हणजे सत्तेचाळीस. वाळू चाळणारी छत्तीसगढी बाई, रुआबांध्याहून यायची. तिच्या नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून सगळे तिला तसंच म्हणत. तिला आकडे वाचता येत नव्हते. वाळूने तिच्याही बोटांच्या रेषा नेल्या होत्या, त्यामुळे फोन तिचं बोट घ्यायचा नाही. ती हेल्मेट काढून मांडीवर ठेवायची, एकेक आकडा बघायची, तसाच दिसणारा फोनवर शोधायची आणि दाबायची. काकांनी तिला नवा नंबर दोनदा कागदावर लिहून दिला. दोन्ही कागद घामात विरघळले. तिच्यासाठी बोटही नव्हतं आणि डोक्यातला नंबरही नव्हता. माझ्या पत्रकात तिच्यासाठी एक ओळसुद्धा नव्हती.

शुक्रवारी दुपारी सुपरवायझर खिडकीशी आला. त्याला ग्रुपची कुणकुण लागली होती. मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसले होते, दहा पावलांवर.

"चाचा, सबके फोन बाहर निकालो."

"बिल्ला लाओ, फोन ले जाओ."

"मेरे से बिल्ला मांग रहे हो?"

"आप रखोगे तो आपका भी बिल्ले पर ही दूंगा, साहब."

सुपरवायझर हसला. म्हणाला, ठीक आहे, छुट्टीच्या वेळी एकेकाचा अंगठा माझ्यासमोर लावून घेतो, कुठे जातील. आणि आत गेला.

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. उठले आणि कपाटातला एकेक फोन, पालथाच, बाजूचं बटण दाबून बंद करू लागले. काही हट्टी फोन दोन बटणं दाबल्याशिवाय ऐकत नव्हते. कोणते एकतीस हे कळू नये म्हणून त्यांनी सगळेच बंद केले. मला काही उमगेना. त्यांनी संध्याकाळी सांगितलं तेव्हा कळलं. बॅटरी संपून बंद पडलेला फोन पुन्हा चालू केला की पहिल्यांदा बोट मानत नाही, आधी नंबरच मागतो. हे त्यांनी वर्षानुवर्षं लोकांना खिडकीशी आपापले फोन चालू करताना ऐकून हेरलं होतं. पत्रक मी काढलं होतं, आणि एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती.

पाच वाजता रांग लागली. सुपरवायझरने पहिल्याला फोन चालू करायला लावला, त्याचं मनगट धरलं आणि अंगठा फोनवर टेकवला. फोनने नंबर मागितला. मग त्याने त्या माणसाच्या हेल्मेटकडे बघून तेच चार आकडे दाबले. त्यालाही माहीत होतं. फोन उघडला नाही.

"नंबर बोल."

"कल ही बदला, साहब. ध्यान से उतर गया."

दुसऱ्याच्याही ध्यानातून उतरला होता. तिसऱ्याने मन लावून इतक्या वेळा चुकीचा नंबर दाबला की फोननेच हात टेकले. "फोन बोल रहा है थोड़ा रुको, साहब," तो नम्रपणे म्हणाला. रांगेत कोणी हसलं नाही. हसू दाबलेली एवढी माणसं मी एकदम कधी पाहिली नव्हती.

मग सत्तेचाळीसने बिल्ला पुढे केला. काकांनी स्टुलामागून पाण्याची बादली ओढली, कोपरापर्यंत हात घातला आणि तिचा फोन बाहेर काढला. पाणी निथळत होतं.

"गिर गया था. मेरी गलती," ते म्हणाले.

त्या खिडकीत कधी कोणाच्या फोनला ओरखडा पडला नव्हता. सुपरवायझर म्हणाला, जानबूझके गिराया. काकांनी दोन्ही पंजे त्याच्यापुढे धरले. "उमर हो गई, साहब. इन उंगलियों में पकड़ ही नहीं बची."

"काबर करे अइसन, कका?" सत्तेचाळीस म्हणाली. का केलंत असं? फोनमध्ये तिच्या लेकीच्या लग्नाचे फोटो होते. ती रडली, मग भांडली, पार त्यांच्या म्हातारपणापर्यंत गेली. रांगेतल्या सगळ्यांना कळलं होतं, तिला सोडून, आणि सुपरवायझर उभा असताना तिला कोण सांगणार? काका मान खाली घालून ऐकत राहिले. एकदाच म्हणाले, "सही बोलती है."

सोमवारी अर्ज गेला आणि त्यावर शिक्का पडला. महिनाअखेर एकतीसही जणांचे पास नवे झाले. काकांचा झाला नाही. कारण लिहिलं होतं, जमा केलेल्या वस्तूचं नुकसान. मी रागाने पत्रक लिहून त्यांच्या घरी नेलं. खोटा आरोप, असा मथळा होता. त्यांनी वाचलं आणि घडी करून मला परत दिलं.

"फोन म्याच बुडवला. खोटं कावून छापतं?"

गावी परतायला भिलाई सोडायच्या आदल्या दिवशी काका मला घेऊन रुआबांध्याला सत्तेचाळीसच्या घरी गेले. तिला एव्हाना सगळं कळलं होतं. ती नुसती चहा ओतत राहिली. काकांनी आपला फोन तिच्यापुढे ठेवला. पडद्यावर नऊ ठिपके होते. "अंगन में चौक पूरती है ना? बस, वही. उंगली उठाना मत," ते म्हणाले. चौक म्हणजे रांगोळी. मग तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले. तिने बोट न उचलता ठिपके जोडले, एकदा, दोनदा, दहादा. कुठलंही पत्रक न वाचता तिला आता स्वतःचं कुलूप होतं.

परत येताना ते म्हणाले, "हे मले आधी सुचाले पाहिजे होतं. तिचे फोटो वाचले असते."

ते गावी गेले. फोन सत्तेचाळीसलाच देऊन टाकल्यामुळे त्यांना लावायला नंबरही उरला नाही. दिवाळीनंतर कारखान्यात चामड्याचे हातमोजे आले. सत्तेचाळीसने रविवारी तिची जोडी माझ्या हातात दिली. "कका ला देखा के आ." दाखवून ये.

मी दुर्गहून गाडीने भंडारा रोडला उतरले आणि तिथून बसने त्यांच्या गावी गेले. काका अंगणात कोणाची तरी चूल लिंपत होते. हात धुऊन आले आणि त्यांनी एक हातमोजा उलटा केला. शिवण पाहिली. अंगठ्याचा सांधा ओढून पाहिला. मग हातात चढवला आणि मूठ उघडमीट केली.

"बेस हाय."

मी बोलायची तयारी करून आले होते. लढा, विजय, एकतीस जण. त्यांनी मधेच विचारलं, "हे कोनाचे?"

"सत्तेचाळीसचे."

"तिची पाळी कवा हाय?"

"उद्या सकाळची."

त्यांनी हातमोजा काढला, जोडी माझ्या पिशवीत घातली आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून उठले. "मंग बसून काय राहिली? आताची बस धरली तं गाडी भेटन." मी अजून पाणीही प्यायले नव्हते. ते दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्यापुढे चालत थांब्यावर आले. मी बसले तेव्हा त्यांनी खिडकीतून पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"आजच नेऊन देजो. सकाळवर नको टाकू."

बस हलायला अजून वेळ होता. काका पुढे गेले, ड्रायव्हरच्या दाराशी उभे राहिले आणि त्याला हाताने सांगू लागले, चल, चल.