उलटी मोटर

मोटर उलटी फिरत होती. हे मी पहिल्याच सकाळी सांगितलं होतं. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

लग्न होऊन नाचणगावला आले तेव्हा माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. सासूबाईंनी मळ्यातले दोन वाफे मला दिले. म्हणाल्या, "सांबार लाव, पुलगावच्या बाजारात वीक, आन् परीक्षेचा फारम भर." सांबार म्हणजे कोथिंबीर. ऑक्टोबरच्या उन्हात मी तो जिवापाड जपला. चार दिवसांत उपटायचा होता.

आमच्याकडे दिवसा विजेच्या तीन तारांपैकी एक हटकून मेलेली. तिन्ही जिवंत असल्या की पाळीपाळीनं ओढतात, ओढ गोल फिरते आणि मोटर तिच्यामागं फिरते. दोनच उरल्या की ओढ नुसती पुढं-मागं. मोटर जागच्या जागी घूं करत बसते. पण तिला आधी हातानं फिरवून द्या, ज्या अंगाला फिरवाल त्या अंगाला धावत सुटते. म्हणून मामाजी, माझे सासरे, चाकाला दोर गुंडाळून हिसका मारायचे आणि लगेच खटका दाबायचे.

मामाजी लग्नाला रोहण्याला गेले आणि दोर दिराच्या हाती आला. दीर डावखुरा. त्यानं आपल्या सोयीनं दोर उलट्या अंगानं गुंडाळला. मोटर झोकात फिरली, पाइपातून मात्र करंगळीएवढी धार.

"भाऊजी, मोटर उलटी फिरून राह्यली. दोर दुसऱ्या अंगानं गुंडाळा."

"वयनी, मोटर काय माणूस हाये, मनात आलं का उलटी फिराले? कंपनीनं बनवली तशीच फिरते."

नवरा हसला. "पुस्तकातलं इथं नोको सांगू. फुटवाल अटकला असन. तू चूल पाह्य."

तीन दिवस दोघे भाऊ विहिरीतला पाइप वर काढत होते, त्याच्या बुडाची झडप, म्हणजे तो फुटवाल, घासत होते, परत सोडत होते. आणि दर वेळी दोर तोच, डावा हातही तोच! सुनेनं मोटरीला हात लावायचा नाही, अशी रीत. मी बादल्या ओढल्या. बादल्यांनी किती पुरणार, डोंबल!

चौथ्या दिवशी सांबार पिवळा होऊन आडवा पडला. मग गेली रीत खड्ड्यात. पदर खोचला, मोटर बंद केली, दोर नीट गुंडाळला आणि हिसका मारून खटका दाबला. धो धो पाणी आलं.

दीर म्हणाला, "पाह्यलं? फुटवाल साफ केला तं कसं आलं!"

माझं डोकंच फिरलं. मोटर बंद केली, त्याच्यासमोर दोर उलटा गुंडाळून ओढला. करंगळीएवढी धार. पुन्हा बंद, पुन्हा सुलटा. धो धो.

"बस झालं आता," नवरा म्हणाला, "पानी वाया जाऊन राह्यलं."

ते पाणी माझ्याच वाफ्यात चाललं होतं. पण आडवा पडलेला सांबार काही उठला नाही. फारमाची शेवटची तारीख सोमवारी होती, ती पैशांवाचून गेली. पुढच्या वर्षी मी पोटुशी होते. बी.एस्सी. राहिली ती राहिलीच.