चिठ्ठीत न निघालेली इमारत

आमच्या शेजारच्या वहिनींचा जन्मच मुळी दुसऱ्यांना सल्ला द्यायला झाला असावा. जिन्यात भेटल्या की तुमच्या चपलांपासून तुमच्या जावयापर्यंत कशात काय सुधारणा हवी, ते दोन पायऱ्यांत सांगून मोकळ्या. अशा बाईला नोकरी लागली कसली, तर तोंडाला कुलूप लावून लोकांना मोजायची! ऐकलं तेव्हा मला ठसकाच लागला.

त्याचं असं. म्हातारी माणसं घरात पडतात, हाडं मोडून बसतात. खुर्ची धरून करायचा एक सोपा व्यायाम रोज केला तर पडणं कमी होतं का, हे एका संशोधन संस्थेला बघायचं होतं. म्हणून इमारतींच्या चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची निघाली त्यांना गच्चीवर शिकवायला मास्तर, बाकीच्यांना काही नाही. वहिनींनी मात्र दोन्हीकडे जायचं. कोण पडलं ते विचारायचं, खुर्चीतून उठून चालून परत बसायला किती वेळ लागतो ते बघायचं, आणि अवाक्षर शिकवायचं नाही. संस्थेत डॉक्टरबाई हाडांचं बघणार, अर्थशास्त्राचे साहेब दवाखान्याचा खर्च वाचतो का ते बघणार, आणि समाजशास्त्राच्या मॅडम बघणार की एकत्र जमलेली म्हातारी मंडळी पुढे एकमेकांकडे जाऊ-येऊ लागतात का.

"म्हणजे एक हाडं बघणार, एक खिसा आणि एक चहाड्या," मी म्हणाले.

"तुमची नोंद तिसऱ्या खात्यात," वहिनी म्हणाल्या.

समोरच्या इमारतीची चिठ्ठी निघाली, आमची राहिली. आता समोर राहते वहिनींच्या सासूबाईंची धाकटी बहीण, आणि या दोघी बहिणींचं लहानपणापासून कशातच पटत नाही. सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं.

"तिला मास्तर, आणि मला नुसतं घड्याळ?"

"चिठ्ठीत नाही आलं आई, मी काय करू?"

"मग तू शिकव. एरवी सगळ्या जगाला शिकवत फिरतेस!"

"नाही शिकवता येत. काही न करता काय होतं, तेच तर या इमारतीत बघायचंय."

"वा! म्हणजे सून माझ्या पडण्याची वाट बघत बसणार!"

सासूबाईंची मोजणी घरची म्हणून दुसरी एक मुलगी करायची. वहिनी सकाळीच लांबच्या इमारतींकडे जायच्या. आणि त्यांची पाठ वळली की सासूबाई गॅलरीत खुर्ची घेऊन उभ्या! आमच्या गॅलऱ्या थेट त्या गच्चीसमोर. समोर उजवा पाय उचलला की इकडे डावा. मास्तरांनी नाक खाजवलं की इकडेही नाकं खाजवायची. इकडेही म्हणजे, तोवर वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन, शिवणकाम करणाऱ्या बाई, असा सगळा मेळा जमला होता. मास्तर मोठ्यानं आकडे मोजायचे. आवाज इथवर पोचायचा नाही, नुसतं तोंड हलताना दिसायचं. आमच्या मंडळींना वाटलं, हाही व्यायामच. सगळी मिळून माशांसारखी तोंडं उघडमीट करायची. मी चहा घेऊन रोज बघायला बसायचे. फुकटात एवढी करमणूक कोण सोडतं?

मग मोजणीचा दिवस आला. पोस्टमनकाका खुर्चीतून ताडकन उठले, आणि भरीला वहिनींसमोर एका पायावर उभे राहिले.

"काका, हे कुठे शिकलात?"

"कुठे म्हणजे? तुमच्या सासूबाईंच्या वर्गात!"

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. या फेरीनंतर त्यांना पर्यवेक्षक करायचं चाललं होतं, आणि इथे त्यांच्याच घरातून सगळ्या मोजणीत माती कालवली गेली होती. त्या संध्याकाळचा संवाद भिंतीपलीकडून आपोआप ऐकू आला. कान जरा जवळ होता इतकंच.

"गप्प बस की," सासूबाई म्हणत होत्या. "माझे गुडघे बरे झाले ते कुणाच्या डोळ्यांवर येतंय?"

"मी गप्प बसले तर कागदावर असं येईल, की म्हातारी माणसं काही न करताही बरी होतात. मग सगळे म्हणणार, मास्तर हवेत कशाला? आणि हा व्यायाम कुणालाच मिळणार नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

एक भांडं आपटल्याचा आवाज आला.

"मग जा, सांगून टाक," सासूबाई म्हणाल्या. "पण वर्ग बंद करणार नाही हं मी."

वहिनींनी सांगून टाकलं. चारच दिवसांत तिन्ही साहेबमंडळी आमच्या जिन्यात हजर. वहिनी कठड्याला धरून उभ्या, फाशीचा हुकूम ऐकायला आल्यासारख्या. वर्ग सुरू झाला. उघडमीट तोंडं बघून डॉक्टरबाईंनी रुमाल तोंडात कोंबला. हे तोंडाचं काढून टाका म्हणायची त्यांनाही सोय नव्हती, अभ्यास संपला नव्हता ना!

"यांना मास्तरांचा पगार लागलाच नाही?" अर्थशास्त्राच्या साहेबांचे डोळे लकाकले.

"एका मास्तरात दोन इमारती!" सासूबाई पाय खाली न ठेवता म्हणाल्या.

समाजशास्त्राच्या मॅडम मात्र वहिनींकडे वळल्या. "चिठ्ठ्या टाकताना आम्ही नकाशा बघितला, गॅलऱ्या नाही बघितल्या. ही चूक आमची. तुमची इमारत चिठ्ठीनं जिथे पडली तिथेच, म्हणजे मास्तर न मिळालेल्यांतच धरायची, आणि यांनी बघून व्यायाम केला हेही लिहायचं. दोन्हीकडच्यांतला फरक कमी दिसेल, दिसू दे."

"आणि माझं?" वहिनींचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता.

"पर्यवेक्षक तुम्हीच. आम्हाला मागाहून कळलं असतं, तर मात्र नसता झालात."

आता पुढच्या फेरीच्या चिठ्ठ्या पडायच्या आधी वहिनी गल्लोगल्ली फिरून, कुठल्या खिडकीतून कुठली गच्ची दिसते ते बघतात. अनोळखी बाई माना वर करकरून लोकांच्या घरात डोकावते आहे म्हटल्यावर गॅलऱ्या भराभर भरतात. परवा एका आजोबांनी वरूनच विचारलं, "काय हो, मुलीसाठी स्थळ बघताय का?"

"नाही आजोबा," वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला तिथून काय काय दिसतं, तेवढंच सांगा."

आजोबांनी त्यांना वर बोलावून तासभर सांगितलं.