भेटीच्या खोलीत मटार

माझी मावशी दुसऱ्यांची मुलं सांभाळते. बालकल्याण कार्यालय तिच्याकडे मूल आणून सोडतं आणि घरची घडी बसली की परत नेतं. लोक तिला ‘फार मोठं मन’ वगैरे म्हणतात. मी तिची भाची, मला माहीत आहे: ती हट्टी आहे, फटकळ आहे आणि घरात मूल नसलं की तिला करमत नाही.

मागच्या वर्षी डोंगरावरच्या वस्तीतली पाच वर्षांची मुलगी आली. आई दवाखान्यात, बाकी कोणी नाही. मावशीने तिला समोर बसवून लाडीगोडी लावली; काय आवडतं, भीती वाटते का, सगळं विचारलं. पोरगी ढिम्म. “मिठाची गुळणी धरून बसलीय,” मावशी मला म्हणाली. आठवडाभर हेच. मग वैतागून ती मटार सोलायला बसली, तर ही गुपचूप शेजारी येऊन बसली, शेंग उचलली आणि बोलायला लागली ती थांबेचना. तिच्या वस्तीत म्हणे मुलांना समोर बसवतात ते फक्त रागवायला. गप्पा शेजारी बसून, हातात काम घेऊन.

“म्हणजे आठवडाभर मी हिला रागावतच होते की गं!” मावशीने कपाळाला हात लावला.

पुढे आई बरी झाली. मुलगी तिला परत द्यायची की नाही, हे कार्यालयातल्या भेटींवर ठरणार होतं. भेटीची खोली स्वच्छ. टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, कडेला एक रिकामी, कोपऱ्यात खेळणी, भिंतीशी टिपणं घेणाऱ्या बाई. दोन भेटी मायलेकी समोरासमोर, माना खाली घालून बसल्या. बाई मावशीला काळजीने म्हणाल्या, “आईला ओढच दिसत नाही हो. अजून एक भेट बघू. नाहीतर मुलगी तुमच्याकडेच राहील.”

मावशीला पोरगी जिवापाड हवी होती. नुसतं गप्प बसलं की झालं. दोन दिवस तिने माझ्यावर विनाकारण तोंडसुख घेतलं. मग तिसऱ्या भेटीच्या दिवशी पिशवीभर मटार आणले आणि म्हणाली, “चल माझ्याबरोबर. एकटी गेले तर अर्ध्या वाटेतून परत येईन.”

“खाण्याचं आत चालत नाही,” बाई म्हणाल्या.

“हे खाणं नाही, काम आहे.” मावशीने पिशवी टेबलावर उपडी केली. “आणि त्यांना शेजारी बसू द्या. समोर बसवलं की ते यांच्यात रागावणं असतं.”

बाईंनी थोडा विचार केला आणि स्वतः खुर्ची उचलून पलीकडे ठेवली. आईने शेंग घेतली. मुलगी सरकत सरकत तिच्या दंडाला चिकटली. मग त्यांच्या बोलीत दोघींची तोंडं जी सुटली! हसल्या काय, किडक्या दाण्यावरून भांडल्या काय. बाई लिहायच्या थांबल्या.

“सोमवारी घरी घेऊन जा हिला,” त्या आईला म्हणाल्या.

आई उठली नाही. मावशीकडे न बघता तिने कडेची रिकामी खुर्ची आपल्या शेजारी ओढली आणि थोड्या शेंगा मावशीसाठी तिथे सरकवल्या. मावशी बसली. बराच वेळ दोघी सोलत राहिल्या.

“झोपेत लाथा मारते का अजून?” आईने विचारलं.

“मारते. पाय कुशीत धरले की शांत होते.”

आईने मान हलवली. “आता तुम्हाला झोप नाही यायची,” ती म्हणाली.

मावशी तिथेच, सगळ्यांदेखत रडायला लागली.